जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड टाकलं आणि गेम खेळताना पीसी बंद पडतोय? कार्ड परत करण्याआधी हे तपासा

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. २०१४-१५च्या सुमारास घरात आलेला पीसी, चौथ्या पिढीचा आय५, आठ जीबी रॅम. त्यात आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ३०५०सारखं कार्ड बसवलं. विंडोज नीट सुरू होतं, यूट्यूब चालतं, जुने गेमही चालतात. मोठा गेम लावला की थोड्या वेळात पीसी धाडकन बंद. कधी आपोआप पुन्हा सुरू होतो, कधी होतच नाही. दुकानदार कार्ड लावून बघतो, त्याच्याकडे ते व्यवस्थित चालतं. विंडोज नव्याने टाकलं की दोन-चार दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच.

अशा वेळी कार्ड बहुधा निर्दोष असतं. दोष असतो कार्डापर्यंत वीज पोचवणाऱ्या वाटेत: एसएमपीएस (भिंतीतली वीज पीसीच्या भागांना लागेल तशी करून देणारा कॅबिनेटमधला डबा), त्याच्या वायरी, यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड, भिंतीतला सॉकेट. ही वाट कुणी तपासत नाही, कारण बाकी सगळी कामं ती निमूट करत असते. "एवढ्या जुन्या मशीनवर कशाला खर्च, नवा घे" हा सल्ला द्यायला सोपा आहे. पण ताईच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला पीसी आता धाकट्या भावाकडे आलाय आणि कार्डासाठी त्याने पैसे साठवलेत, अशी घरं मुंबईत खूप आहेत. ते पैसे वाया जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पीसी नेमका कसा बंद पडतो?

पहिलं काम कॅबिनेट उघडण्याचं नाही, नीट बघण्याचं आहे. "बंद पडतो" या शब्दाखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

पंखे, दिवे, सगळं एका क्षणात विझलं, आणि समोरचं बटण दाबूनही पीसी सुरू होत नाही; मागचा एसएमपीएसचा स्विच बंद करून थोडं थांबून पुन्हा चालू केला की मगच होतो. याचा अर्थ एसएमपीएसने स्वतःच्या संरक्षणासाठी वीज तोडली. तो पुरता थकलाय किंवा कुठेतरी शॉर्ट आहे.

सगळं विझलं आणि लगेच आपोआप पीसी पुन्हा सुरू झाला, तर एसएमपीएसची, कार्ड आणि प्रोसेसरला वीज देणारी १२ व्होल्टची लाइन क्षणभर खाली बसली असण्याची शक्यता मोठी. एसएमपीएस मदरबोर्डला "वीज ठीक आहे" असा एक संकेत सतत देत असतो. तो क्षणभर जरी तुटला तरी बोर्ड रीसेट होतो.

स्क्रीन काळी झाली, पण गेमचा किंवा हेडफोनवरच्या मित्रांचा आवाज चालूच आहे आणि कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने ओरडतायत: इथे फक्त कार्ड पडलंय. कार्डाच्या ६ किंवा ८ पिनच्या वायरीपासून तपासायला लागा, नंतर ड्रायव्हर, नंतर खुद्द कार्ड.

निळी स्क्रीन आली तर संशय रॅम, ड्रायव्हर किंवा प्रोसेसरवर. यात एक मेख आहे. निळी स्क्रीन आली की विंडोज लगेच रीस्टार्ट घेतं, त्यामुळे ती दिसतच नाही आणि आपण समजतो वीज गेली. सिस्टिमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडून आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाका. मग निळी स्क्रीन असेल तर समोर थांबून राहील.

आणि फक्त गेमच बंद होऊन डेस्कटॉप दिसत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी अर्धाच उपयोगी. तिथे ड्रायव्हर, कमी रॅम, किंवा प्रोसेसरला न समजणाऱ्या सूचना अशी कारणं असतात. एव्हीएक्स२ नावाच्या सूचना इंटेलमध्ये २०१३च्या चौथ्या पिढीपासून आल्या. तिसऱ्या पिढीच्या आय५ किंवा आय७ वर काही नवे गेम सुरूच होत नाहीत ते त्यामुळे, आणि त्याला कार्ड बदलून उपयोग नाही.

आता विंडोजची नोंदवही उघडा. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर, त्यात विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. पीसी पडला त्या वेळेची 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद सापडेल. ही नोंद म्हणजे रोगाचं नाव नव्हे. "मागच्या वेळी पीसी नीट बंद झाला नव्हता" एवढंच ती सांगते. तिच्या तपशिलात 'बगचेक कोड' शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन काढायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा मशीन जागीच गोठलं. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर तो लिहून ठेवा. तिथेच आजूबाजूला 'व्हिया-लॉगर' (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) किंवा 'डिस्प्ले ४१०१' (ग्राफिक्स ड्रायव्हर अडकल्याची नोंद) अशा नोंदी आहेत का तेही बघा, पुढे लागतील.

पैसे न घालवता करायची परीक्षा

गेममध्ये एफपीएसची, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम काढायच्या त्याची, मर्यादा ३० वर बांधा, ग्राफिक्स कमी करा, आणि ज्या गेममध्ये पीसी पडतो तोच खेळा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. एएमडीच्या काही कार्डांत पॉवर लिमिट फारशी खाली येत नाही. तिथे एएमडीच्या ॲड्रेनालिन सॉफ्टवेअरमधून कमाल क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, कमी करा.

एरवी अर्ध्या तासात पडणारा पीसी असा दोन तास टिकला, तर उत्तर निम्मं सापडलं: दोष भाराचा आहे. भार म्हणजे वीज किंवा उष्णता. या दोन्हींत फरक करायला एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात सेन्सरची नोंद फाइलमध्ये लिहिण्याची सोय आहे ती चालू करा आणि मर्यादा काढून खेळा. पीसी पडल्यावर फाइलची शेवटची ओळ वाचा. प्रोसेसर ६५, कार्ड ७० अंशांवर असताना पीसी मेला असेल तर उष्णतेला दोष देता येत नाही. प्रोसेसर १०० च्या आसपास असेल तर आधी कूलर आणि पेस्ट बघा. पण चौथ्या पिढीचे इंटेल प्रोसेसर तापले की आधी स्वतःचा वेग कमी करतात, म्हणून उष्णतेचं पहिलं लक्षण सहसा गेम अडखळणं हे असतं, थेट अंधार नव्हे.

एक गंमतीदार वाटणारी, पण खरी तक्रार: "मोठ्या गेममध्ये ठीक, पण साध्या गेमच्या मेन्यूत पीसी पडतो." मेन्यूत चित्र सोपं असतं, त्यामुळे कार्ड सेकंदाला कित्येक शे फ्रेम काढत सुटतं आणि वीज भरपूर ओढतं. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) चालू केल्यावर हे थांबलं तर तोही विजेकडेच बोट दाखवणारा पुरावा समजा.

एसएमपीएस: डब्यावरचा मोठा आकडा वाचू नका

जुन्या असेंबल्ड पीसीत कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस असतो. त्यावर ठळक ४५० वॅट लिहिलेलं असतं. तो आकडा विसरा. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. तिथे १६ असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनींचे असतात, आणि आजच्या पीसीत त्यांना फार काम उरलेलं नाही.

आता मागणी बघू. आय५-४४६० हा प्रोसेसर ८४ वॅटचा. आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅटचं. पंखे, हार्ड डिस्क धरून १२ व्होल्टवर साधारण २३० वॅट, म्हणजे १९ अँपिअरच्या पुढे. १६ अँपिअरची लाइन हे ओढूच शकत नाही. शिवाय १३२ हा सरासरी आकडा आहे. कार्ड काही मिलिसेकंदांसाठी त्याच्या बरंच वर उडी मारतं. सकाळी सगळ्या मजल्यांवर एकदम नळ उघडले की वरच्या घरात धार बारीक होते, तसं त्या उडीच्या वेळी १२ व्होल्टचं होतं, आणि पीसी पडतो.

"मग दोन वर्षं जुनं कार्ड कसं चाललं?" कारण ते बहुधा जीटीएक्स १०५० टीआय होतं. ते ७५ वॅटमध्ये भागवतं, आणि मदरबोर्डचा स्लॉट तेवढेच ७५ वॅट देऊ शकतो. ६ पिनची वायर आणखी ७५ आणि ८ पिनची १५० वॅट देण्यासाठी असते. वायर लावावी लागणारं कार्ड आलं की एसएमपीएसची खरी परीक्षा सुरू होते.

एसएमपीएसला ती वायरच नसेल तर दुकानात एक छोटं कन्व्हर्टर हातात ठेवतात: डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या टोकातून ६ किंवा ८ पिन. ते लावू नका. साटाचं वीजटोक १२ व्होल्टवर ५४ वॅटपुरतंच बनवलेलं आहे. त्यातून दीडशे वॅट ओढले की प्लास्टिक वितळतं, आणि घरात कुणी नसताना ते पेटलं तर पीसीपुरतं राहणार नाही. ज्या एसएमपीएसला कंपनीने ८ पिनची वायर दिलेली नाही, तो असल्या कार्डासाठी बनलेलाच नाही असं समजा.

मल्टिमीटरने पिवळी आणि काळी वायर मोजून "१२.१ येतंय, एसएमपीएस ठीक" असा निष्कर्ष बरेच जण काढतात. ११.४ ते १२.६ ही मान्य मर्यादा आहे, आणि मीटर त्याबाहेर दाखवत असेल तर एसएमपीएस नक्की गेलाय. पण आत दाखवत असेल तर काहीच सिद्ध होत नाही, कारण मिलिसेकंदांची घसरण साध्या मीटरला दिसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या १२ व्होल्टवर तर अजिबात विसंबू नका.

खात्रीची परीक्षा एकच: मित्राचा चांगला एसएमपीएस उसना आणा. तो कॅबिनेटमध्ये बसवायची गरज नाही, बाहेर टेबलावर ठेवून २४ पिन, प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिन, कार्डाची पिन आणि डिस्कची वायर जोडा. एक मात्र लक्षात ठेवा: त्याच्या वायरी सुट्या होणाऱ्या असतील तर त्याच्याच वायरी वापरा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वायरी एकमेकींत बसतात, पण आतली पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि चुकीची वायर लावली की डिस्क आणि बोर्ड जळतात. आणि जुना एसएमपीएस खोलून दुरुस्त करायला जाऊ नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात.

नवा घेताना आरएक्स ६६०० ला कंपनी ४५० वॅट सुचवते, आरटीएक्स ३०५० च्या ८ जीबी आवृत्तीला ५५० वॅट. माझं मत: ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याची खूण), चांगल्या नावाचा, पाच वर्षांची वॉरंटी असलेला घ्या आणि यात काटकसर करू नका. त्यासाठी कार्ड थोडं कमी ताकदीचं घेतलं तरी चालेल. हाच एसएमपीएस पुढच्या पीसीतही जाणार आहे.

ऑफिसमधून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी एलिटडेस्क घेतलेल्यांसाठी वेगळी गोष्ट. ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या टॉवरमध्ये २९० वॅटचा एसएमपीएस असतो आणि मदरबोर्डला नेहमीच्या २४ पिनऐवजी ८ पिन असते. बाजारातला एसएमपीएस थेट लागत नाही, जोडवायर लागते. अशा मशीनमध्ये मी आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती सुचवेन. ती ७० वॅटमध्ये चालते आणि बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. नावात ३०५० दोन्हीकडे असतं, पण ही दोन वेगळी कार्डं आहेत, तेव्हा खोक्यावर जीबी वाचून घ्या.

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, जाणार असाल तर ग्रँट रोडला पूर्वेला उतरा आणि रविवार टाळा, त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद असतात. अख्खं कॅबिनेट लोकलमधून वाहून नेऊ नका. कार्ड, जुना एसएमपीएस आणि त्याच्या तक्त्याचा फोटो पुरेसा आहे. कार्ड दुकानात चालून दाखवलं तर "मग दोष तुमच्या मशीनमध्ये" हे दुकानदाराचं म्हणणं बरोबरच असतं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि घरी आल्याबरोबर बिलाचा फोटो काढा, कारण त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं वॉरंटी संपण्याच्या कितीतरी आधी उडतात.

एसएमपीएस बदलला तरी पडतोय? भिंतीकडे चला

यूपीएस काढा. पीसीचा प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून दोन-तीन दिवस खेळा. एवढ्याने तक्रार थांबलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

घरातला नेहमीचा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॅटचा असतो. त्यावर पीसी, मॉनिटर, राउटर आणि स्पीकर असतात. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत म्हातारी होते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही, कारण मुंबईत लाइट जातेच कुठे. १२ ऑक्टोबर २०२० सारखा, मुंबईभर लाइट जाण्याचा दिवस विरळाच. पण लाइट न जाताही यूपीएस कामाला लागतो: फ्रिज, एसी किंवा इमारतीचा पाण्याचा पंप सुरू झाला की व्होल्टेज क्षणभर खाली येतं, यूपीएसमधून टक् असा आवाज होतो आणि तो बॅटरीवर जातो. बॅटरी मेलेली असेल तर पीसी त्याच क्षणी बंद. बॅटरी चांगली असली तरी स्वस्त यूपीएस चौकोनी लहरींची वीज देतो, आणि चांगल्या नव्या एसएमपीएसमध्ये असलेल्या ॲक्टिव्ह पीएफसी या सर्किटला (ते भिंतीतली वीज सुरळीत ओढायचं काम करतं) ती काही वेळा झेपत नाही. म्हणूनच "जुन्या एसएमपीएसवर लाइट गेली तरी पीसी चालू राहायचा, नवा महाग घेतला तर बंद होतो" अशी उलटी वाटणारी तक्रार येते. नवा एसएमपीएस खराब नाही, त्याची आणि त्या यूपीएसची जोडी जमत नाही. यूपीएस हवाच असेल तर शुद्ध साइन वेव्हचा घ्या.

एक्स्टेंशन बोर्डाबद्दल: असा पीसी भरात ३०० वॅट ओढतो, म्हणजे २३० व्होल्टवर १.३ अँपिअर. बोर्डाला हे जड नाही. जड जातो तो सैल संपर्क. तासभर खेळून झाल्यावर पीसी बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या पिनांजवळच्या प्लास्टिकला हात लावून बघा. गरम लागलं, तपकिरी डाग दिसला, किंवा प्लग हलवल्यावर चरचर आवाज आला, तर सॉकेट बदलायलाच हवा. एका बोर्डात दुसरा बोर्ड लावला असेल तर ती साखळी आजच मोडा.

अर्थिंगचा प्रश्न गिरगाव, लालबाग, परळच्या जुन्या इमारतींत आणि चाळींत जास्त. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं? एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून गळणारी किंचित वीज अर्थच्या तारेने जमिनीत जायला हवी. तार नसेल तर कॅबिनेट पुरवठ्याच्या साधारण निम्म्या, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टवर तरंगत राहतं. प्रवाह अगदी कमी असल्याने झटका बारीक असतो, पण यूएसबीची साधनं मध्येच सुटणं, आवाजात घरघर आणि अधूनमधून विनाकारण रीस्टार्ट यांचं मूळ तिथे असू शकतं. सॉकेटची तिसरी पिन कुठे जोडलेलीच नाही असंही सापडतं. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडून देणारा कुणी भेटला तर त्याला थांबवा. न्यूट्रल कुठे तुटली तर अख्खं कॅबिनेट २३० व्होल्टवर येईल, आणि घरातली मुलं त्याला हात लावत असतात.

पावसाळा आणि खारी हवा

गणपतीला गावी जाऊन आठवड्याने परत आलं की पीसी सुरूच होत नाही, किंवा नुसती बीप देतो, हे मुंबईत दरवर्षी होतं. जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा, त्यात समुद्राचा खारेपणा, आणि आत साठलेली धूळ तो ओलावा धरून ठेवते. रॅमच्या आणि कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि संपर्क कच्चा होतो. रोज चालणारा पीसी आतून उबदार आणि कोरडा राहतो, बंद पडून असलेला नाही.

प्लग काढा, समोरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज घालवा, रॅम आणि कार्ड काढा. पट्ट्यांवर मऊ पांढरं खोडरबर अगदी हलक्या हाताने फिरवा, कण झटका आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. स्लॉटमधली धूळ ब्लोअरने उडवताना पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने ती भलत्या वेगाने फिरली की बेअरिंग जातं. बसवताना रॅमचा आणि कार्डाचा खटका लागल्याचा आवाज यायला हवा. जड कार्ड एका बाजूने खाली झुकत असेल तर त्याला खालून टेकू द्या.

तरीही पडतो

आता मदरबोर्डाकडे बघा. प्रोसेसरभोवतीच्या कपॅसिटरची टोपी फुगली आहे का, त्यातून तपकिरी काही गळलंय का? असेल तर त्या बोर्डावर आणखी पैसे घालू नका. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. एकही चूक दिसली तर एकेक रॅम वेगळी लावून दोषी कोण ते शोधा. नोंदवहीत 'व्हिया-लॉगर १७' वारंवार येत असेल तर कार्ड आणि स्लॉट यांच्यातला संवाद बिघडतोय. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) स्लॉटचा वेग 'ऑटो'वरून एक पायरी खाली आणून बघा. 'डिस्प्ले ४१०१' असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयू हे ड्रायव्हर काढणारं सॉफ्टवेअर चालवून जुना ड्रायव्हर मुळापासून काढा, विशेषतः एनव्हिडियावरून एएमडीवर आला असाल तर. यातलं काहीच लागू पडलं नाही तर मग कार्ड वॉरंटीत द्यायची वेळ आली असं म्हणता येईल. हातात पुरावे असतात, त्यामुळे सेवा केंद्रात बोलणंही सोपं जातं.

बंद पडणं थांबलं, पण गेम अडखळतो

ही वेगळी तक्रार आहे आणि इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं: चार कोअर, चार थ्रेडचा (एका वेळी चारच कामं हाताळणारा) आय५ आजच्या मोठ्या गेममध्ये १०० टक्क्यांवर जातो आणि कार्ड निम्मं रिकामं बसतं. कार्ड आणखी मोठं घेऊन हे सुटत नाही. आठ जीबीची एकच रॅम असेल तर जोडीला तशीच दुसरी लावा; दोन चॅनल झाल्याचा फरक जाणवतो. गेम हार्ड डिस्कवर असतील तर साटा एसएसडी घ्या. बोर्डावर चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत असेल तर जुन्या बाजारातला आय७-४७७० किंवा झिऑन ई३-१२३१ व्ही३ हा आठ थ्रेडचा प्रोसेसर त्याच सॉकेटमध्ये बसतो. त्या झिऑनमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, तेव्हा कार्डाशिवाय चित्र येणार नाही.

स्लॉटचाही विचार करा. एच८१ चिपसेटच्या बोर्डांवर कार्डाचा स्लॉट पीसीआयई २.० या जुन्या, कमी वेगाचा असतो. आरएक्स ६५०० एक्सटी स्लॉटमधल्या चारच लेन (माहिती वाहणाऱ्या वाटा) वापरतं, त्यामुळे तिथे ते फार गुदमरतं. आरएक्स ६६०० आठ लेनचं असल्याने बरं राहतं. इंटेलच्या आर्क कार्डांना रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, इतक्या जुन्या मशीनसाठी ती घेऊच नका. जुनं जीटीएक्स १०६० किंवा १०७० स्वस्तात मिळतंय म्हणून घेत असाल, तर त्या पिढीसाठी एनव्हिडियाचे नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट, हे धरून भाव करा.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, आणि त्यावर व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमला टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची चिप किंवा सोय) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) लागतात. आडवाटेने विंडोज ११ टाकता येतं, पण टीपीएम नसेल तर व्हॅलोरंट तिथे उघडणार नाही. घरातलं पोर मुख्यतः तेच खेळणार असेल, तर चौथ्या पिढीच्या मशीनवर आय७ साठी खर्च करण्याआधी हे घरच्यांना सांगा. तेव्हा एसएमपीएस, कार्ड आणि एसएसडी ठेवून फक्त बोर्ड, प्रोसेसर, रॅम बदलणं बरं. रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड ही जोडी त्यासाठी अजून पुरेशी आहे. डीडीआर३ रॅम त्यात चालत नाही, डीडीआर४ घ्यावी लागेल, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, म्हणून बोर्ड ठरवण्याआधी रॅमचा भाव विचारून या.